एका कान्याचा हिशेब

९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातल्या वडूजच्या कचेरीवर चालून गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण ठार झाले. त्यांना कोणी मारले, असे तालुक्यात कोणालाही विचारा. उत्तर एका दमात येते, इंग्रजांनी. त्याच तालुक्यात, त्याच इंग्रजांच्या राज्यात, पासष्ट वर्षे आधी, १८७६-७७ च्या दुष्काळात याहून कितीतरी जास्त माणसे गेली. त्यांच्याबद्दल विचारले तर क्रियापदच बदलते: माणसे मेली. वडूजला मारली, दुष्काळात मेली. मरणे आणि मारणे यांत मराठीत एका कान्याचा फरक. भांडवलशाहीने किती माणसे मारली, साम्यवादाने किती मारली, हा जगभर चाललेला वाद खरे तर या एका कान्यासाठीच चालला आहे. कान्याचा अधिकार कोणाला, तो कोणत्या पुराव्यावर द्यायचा आणि शत्रूच्या वहीत दिला तर स्वतःच्या वहीतही द्यायचा की नाही, हा या प्रस्तावनेचा विषय.

या वादाची आजची रीत ठरून गेली आहे. एक बाजू स्टालिनच्या काळातला १९३२-३३ चा दुष्काळ आणि चीनमधला १९५८-६१ चा दुष्काळ पुढे करते. दुसरी बाजू १८७६-७८, १९४३ चा बंगाल आणि गुलामांचा व्यापार मांडते. मग बेरजा होतात. १९९७ साली फ्रान्समध्ये निघालेल्या ‘साम्यवादाचा काळा ग्रंथ’ या पुस्तकाच्या आरंभी संपादक स्तेफान कूर्त्वा यांनी दहा कोटींच्या आसपासचा आकडा दिला. निकोला वेर्त आणि जाँ-लुई मार्गोलँ या त्याच पुस्तकाच्या दोन प्रमुख लेखकांनी तो आकडा आणि ती मांडणी आपली नाही, असे जाहीर सांगितले. आत धडे तपशिलाने लिहिलेले आणि दारावर मात्र आकड्याची पाटी, असा तो प्रकार झाला. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यातून थोडे भय घ्यावे. चार वर्षांनी माईक डेव्हिस यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दुष्काळांवर ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या बाजूच्या हाती तितकाच जड धोंडा आला. धोंडे दोन्हींकडे आहेत. तराजू मात्र जो तो आपल्या घरचा वापरतो.

हा तराजू औंधमध्ये तपासायला बसावे, याला कारण आहे. पंतप्रतिनिधींचे औंध संस्थान म्हणजे पाचशे चौरस मैलांच्या आसपासचा तुकड्यातुकड्यांचा मुलूख: औंध खटाव तालुक्यात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्याजवळ, गुणदाळ थेट विजापुराकडे. मधे सगळीकडे इंग्रजी हद्द. आभाळ एकच, पण बांध ओलांडला की सारा घेणारा वेगळा. शिवाय विसाव्या शतकात या चिमुकल्या संस्थानात इतक्या तऱ्हेच्या अर्थव्यवस्था नांदल्या की पाठ्यपुस्तकाला हेवा वाटावा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना काढला आणि तिथे खासगी भांडवलाचे एक गावच उभे राहिले. १९३९ साली गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पकता आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांची खटपट यांतून राजाने सत्ता पंचायतींच्या हाती दिली. आणि तीन-चार वर्षांतच त्याच कुंडलच्या आसऱ्याने नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. नाना पुढे साम्यवादी पक्षाचे खासदार झाले. कारखानदार, गांधीवादी आणि उद्याचे साम्यवादी एका शिवारात. मात्र या सगळ्यांच्या आधी आणि नंतरही इथे पर्जन्यछाया होतीच. आटपाडी, माण, खटाव या भागांना पाऊस नेहमीच हात राखून मिळाला.

आता १८७६ कडे यायचे. त्या साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांत गोष्ट इथेच संपते, पण ती इथे सुरू होते. मुंबई सरकारने आरंभी दुष्काळी कामे बऱ्यापैकी सढळ हाताने काढली. मग जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवले. टेंपल यांनी मजुरीचा दर खाली आणला: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य किंवा त्याची किंमत आणि वर एक आणा, बायकांना त्याहून कमी, पोरांना त्याहूनही कमी. एक पौंड म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम अच्छेर, ज्वारीच्या चार भाकरी. त्या आण्यात मीठमिरची, सरपण, अंगावरचे कापड आणि कामावर न येऊ शकणारी म्हातारी माणसे भागवायची. आणि दिवसभर काय करायचे, तर खडी फोडायची आणि माती वाहायची. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच हिशेब मांडून सांगितले की एवढ्यात कष्ट करणारे शरीर तगत नाही. मद्रासने काही महिन्यांनी दर वाढवलाही. इकडे मजुरांना गावाजवळची कामे बंद करून लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगण्यात आले, म्हणजे खरा गरजू कोण ते आपोआप कळेल! हजारोंनी हजेरी टाकून दिली आणि ते घरी गेले. आजच्या भाषेत तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला अर्जांमागून अर्ज धाडले. दरम्यान बाजारात हात घालायचा नाही, व्यापाऱ्याला अडवायचे नाही, हा नियम कायम होता. १८७७-७८ मध्ये हिंदुस्थानातून इंग्लंडला तीन लाख टनांहून अधिक गहू गेला.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, झाले, भांडवलशाहीला काना देऊन टाका. थांबावे लागते, कारण टेंपल यांचाच एक आधीचा अध्याय आहे. १८७३-७४ मध्ये बिहार आणि बंगालच्या काही भागांत दुष्काळ पडला, तेव्हा व्यवस्था टेंपल यांच्याच हाती होती. त्यांनी ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या घरात तांदूळ आणवला, खर्चाचा विचार केला नाही आणि दुष्काळाने जवळजवळ कोणी मेले नाही. बक्षीस म्हणून लंडनच्या अर्थपत्रांकडून उधळेपणाचा ठपका मिळाला. तोच साहेब, तेच साम्राज्य, तोच मुक्त व्यापाराचा धर्म आणि तीनच वर्षांचे अंतर. एकदा माणसे वाचली, एकदा गेली. तेव्हा नुसते व्यवस्थेचे नाव घेऊन मृत्यूचे कारण सांगता येत नाही. पण व्यवस्था निर्दोष सुटली असेही नाही, आणि माझ्या मते या वादाचा मर्मबिंदू नेमका इथे आहे. बिहारमध्ये टेंपल यांनी जे केले त्याला त्या व्यवस्थेने चूक ठरवले. दख्खनमध्ये जे केले त्याला कर्तव्य ठरवले, आणि मे १८७७ मध्ये त्यांना मुंबईचे गव्हर्नर केले. व्यवस्थेची साक्ष अशी मिळते: कोणत्या हाताला तिने चापट मारली आणि कोणत्या हाताला कडे चढवले, यातून.

म्हणून काना देण्याआधी मला तीन गोष्टी दिसायला हव्यात. मृत्यू आणि व्यवस्था यांच्यामधे कोणता ठोस नियम होता: मजुरीचा दर, साऱ्याचा हप्ता, धान्यवसुलीचा आकडा. त्या नियमाने काय होईल हे सांगणारा कोणी त्या वेळीच उभा होता का, दख्खनपुरते डॉ. कॉर्निश होते, सार्वजनिक सभा होती. आणि तेव्हाच्याच साधनांत, तेव्हाच्याच ज्ञानात दुसरा मार्ग होता का. बिहारने तो दाखवून दिला होता. या तिन्ही गोष्टी मिळाल्या की माणसे मेली म्हणून भागत नाही, मारली म्हणावे लागते, मग व्यवस्था कोणत्याही रंगाची असो. एखादी जरी मिळाली नाही तरी घाई करू नये.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: पाऊस सरकारच्या हाती नसतो. खरे आहे. म्हणूनच १८७६ शेजारी १९७२ ठेवून पाहावे. १९७० पासून सलग पिके बुडत गेली आणि १९७२-७३ ला महाराष्ट्राचे धान्य उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली आले. माणदेश होरपळला, जनावरे खाटकाच्या दारी गेली. पण मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी, नालाबंडिंग, पाझर तलाव; पोटाला सुकडी आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या मिलोला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की ती त्या पिढीच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. पण शिव्या द्यायला माणसे जिवंत होती. टिम डायसन आणि अरूप महारत्न यांनी पुढे दाखवून दिले की त्या वर्षांत मृत्युदर थोडाफार वाढलाच होता. तेव्हा एकही बळी गेला नाही ही सरकारी ऐट नको. तरी १८७७ च्या मानाने फरक जमीन-अस्मानाचा आहे. पाऊस दोन्ही वेळा तितकाच रुसलेला, मग फरक पावसाने केलेला नाही.

मग तो कोणी केला? इथे दोन्ही पक्षांची पंचाईत होते. मिलो पिकवली अमेरिकेच्या शेतकऱ्याने, ती विकत आणली समाजवादाच्या घोषणा देणाऱ्या केंद्र सरकारने, वाटली रेशन दुकानांनी, कामे काढली जिल्हा परिषदांनी आणि महसूल खात्याने, मजुरी वेळेवर मिळावी म्हणून मोर्चे काढले लाल बावट्याने आणि इतरांनी. कामाच्या हमीची कल्पना तर याच मुलखातली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी ती आधी आपल्या भागात करून पाहिली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा उभा केला तो बऱ्याच अंशी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून आटपाडीची हजेरी निघू लागली. हे कोणत्या वादाचे यश म्हणायचे? बळींच्या बेरजा करायला दोन्हींकडे वह्या उघड्या असतात. वाचलेल्यांची बेरीज करायची वेळ आली की शाई वाळते. वाचलेल्याचे जमाखाते ज्याला दाखवता येत नाही, त्याच्या नावेखात्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. एक बारकावा मात्र नोंदवतो. १८७७ ला काम लांब असणे ही गरजेची परीक्षा होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचे, नाहीतर मजुरी दहा टक्के वाढवायची, असे ठरवले. सव्वाशे वर्षांत अंतराचा अर्थ उलटा झाला. नियम माणसे ठरवतात, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हेतू. वडूजला बंदूक रोखून चाप ओढला गेला. टेंपल यांना कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. न्यायालयात हा फरक मोठा, आणि तो असायलाच हवा. औंध संस्थानाला तर या प्रश्नाशी खेळण्याची सवयच होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंतींविना वसाहत काढून तिथे गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांना शेतीवर ठेवले गेले; व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा तीच. कुऱ्हाड चालवणाऱ्याला तिथे नावाने ओळखले जाई, त्याचा गुन्हा त्याच्यापुढे ठेवला जाई आणि त्याला माणूस म्हणून परत उभे राहायची संधी दिली जाई. मजुरीचा दर लिहिणाऱ्याला यातले काहीच वाट्याला येत नाही, ना आरोप ना प्रायश्चित्त. हेतूची कसोटी व्यक्तीच्या शिक्षेसाठी ठेवावी. व्यवस्थेला मन नसते, तिचा हेतू शोधणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे. तिला विचारायचे ते इतकेच: कळत होते का, आणि कळल्यावर काय केले?

हीच कसोटी आता दुसऱ्या वहीला लावू. चीनमध्ये १९५८ नंतर कम्यूनच्या अधिकाऱ्यांनी वर फुगवलेले पीक कळवले, त्या खोट्या पिकावर खरी वसुली झाली, निर्यातही चालू राहिली. १९५९ च्या लुशान बैठकीत पंग द-ह्वाय यांनी धोक्याची सूचना दिली तर त्यांनाच संरक्षणमंत्रिपदावरून हटवण्यात आले. नियम होता, सांगणारा होता, दुसरा मार्गही होता. बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत फिरतात. खालचा आकडा धरला तरी काना द्यावाच लागतो. टेंपल यांच्या अच्छेर धान्यावर संतापणाऱ्याला इथे गप्प बसता येणार नाही. पण गोष्ट इथेही संपत नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ मध्ये एक अवघड तुलना मांडली: चीनचा तो दुष्काळ भयंकर खरा, पण एरवी भारतातला मृत्युदर चीनपेक्षा इतका अधिक होता की त्या फरकाने दर आठ वर्षांत भारतात जवळपास तितकीच माणसे जास्त मरत होती. ना मथळा, ना चौकशी. दुष्काळाच्या मृत्यूला निदान साल असते. कुपोषण, बाळंतपण आणि हगवण यांच्या मृत्यूला तेही नसते. माझ्या तीन अटी इथे पुरत्या लागू होतात की नाही याबद्दल मी स्वतः डळमळतो. नियम सापडत नाही, नियमाचा अभाव सापडतो. अभावाला काना द्यायचा की नाही, हा पुढच्या पानांतला सर्वांत उघडा राहिलेला प्रश्न आहे, आणि तो उघडाच राहिलेला बरा.

सेन यांचेच दुसरे म्हणणे असे की निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठ्या प्रमाणावर दुष्काळबळी जात नाहीत; म्हणजे खरा आरोपी अर्थव्यवस्था नसून राज्यव्यवस्था. १९७२ च्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली होती, वृत्तपत्रे रोज दुष्काळाच्या बातम्या छापत होती. म्हणण्यात तथ्य आहे. पण १८७४ च्या बिहारात मत कोणाला होते? आणि औंधच्या १९३९ च्या घटनेत, जिचे कौतुक करावे तितके थोडे, मतदाराला लिहितावाचता यावे अशी अट गांधीजींच्या सल्ल्याने आली. हेतू साक्षरता वाढवण्याचा. परिणाम मात्र असा की ज्याच्या घरी आधी चूल विझणार, त्याचेच नाव यादीत शेवटी येणार. मतपेटी उपयोगी असते ती उपाशी माणूस तिच्यापर्यंत पोचला तर. ती पोच जमीन, मजुरी आणि शाळा ठरवतात. म्हणजे फिरून अर्थव्यवस्था आलीच.

राहता राहिला आकडा. १८७६-७८ च्या दुष्काळाचे बळी ५५ लाखांपासून एक कोटीच्या आसपासपर्यंत सांगितले जातात. एवढी तफावत खोटेपणामुळे नव्हे. साताऱ्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा १८८१ ला कमी भरली. पण त्या तुटीत मेलेले किती, देशोधडीला लागलेले किती आणि जन्मालाच न आलेले किती, हे शिरगणती सांगत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ औंध संस्थानातलीच. तिच्या शेवटी दुष्काळ गाव रिकामे करतो. असे पांगलेले गाव कोणत्या रकान्यात भरायचे? त्यात सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अंदाज होता ब्रिटिश हद्दीपुरता. १८७६ मध्ये औंधच्या गादीवर श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी होते. त्यांच्या रयतेतले मेले ते त्या बेरजेत नाहीत. बांधाच्या एका बाजूचा मृत्यू साम्राज्याच्या नावावर, दुसऱ्या बाजूचा कोणाच्याच नाही. जगाच्या बेरजांवर भांडणाऱ्यांनी हा बांध एकदा डोळ्यांपुढे आणावा.

हे सगळे नेमके करायचे तर कागद लागतात, आणि ते अजून इथल्या घरांत आहेत. सावकाराच्या वह्या, तगाईच्या पावत्या, मोडीतले अर्ज, बहात्तरच्या कामांचे हजेरीपट. औंध, आटपाडी, खटाव, कुंडलच्या वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावरचे गाठोडे वाळवीच्या आधी खाली काढा, त्याची छायाचित्रे घ्या, मोडी वाचणारा माणूस गाठा, आणि मजुरीचा, साऱ्याचा किंवा धान्याचा एक जरी दर सापडला तरी तारखेसकट उतरवून जिल्ह्याच्या ग्रंथालयात द्या.